मोठ्या ड्रमचा पट्टा

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षे वाचत आलो आहे. खरे सांगायचे, तर बहुतेक वेळा त्यांची उत्तरे मनातल्या मनात शोधत वाचतो. विज्ञान दिनाला पाण्याने दिवा पेटवून दाखवणारा आणि मागाहून त्यातले रसायन मुलांच्या हातात देऊन 'आता तुम्हीच बाबा झालात' असे म्हणणारा शिक्षक मीच. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. आजही आहे असे म्हणवत नाही. भीतीसाठी हे वाचणाऱ्यांची निराशा होईल, हे आधीच सांगतो. यात स्मशान नाही, अवसेची रात्र नाही. शाळेतली एक खोली आहे, भिंतीतले काही खिळे आहेत आणि चामड्याचा एक पट्टा आहे. तरीही हे लिहायला मला दोन वर्षे लागली...

गेवराई तालुक्यात, उमापूरच्या बाजूला असलेल्या एका माध्यमिक शाळेत मी शारीरिक शिक्षण शिकवतो. शाळेचे नाव देत नाही, आणि मुलींची नावेही बदलली आहेत. संगीत शिक्षकाचे पद आमच्या शाळेला कधी मिळालेच नाही. त्यामुळे बँड पथकही माझ्याकडेच. तरुणपणी एका शिबिरात जेवढे शिकलो, तेवढ्याच शिदोरीवर मी आजवर मुलांना शिकवत आलो आहे. सहा छोटे ड्रम, काही बासऱ्या, झांजांची एक जोडी, एक ट्रँगल आणि एकच मोठा ड्रम. ड्रमवर ताणलेले पान फाटले की नवे यायला वर्ष उलटते. तोवर पंक्चरवाल्याकडचे ठिगळ. प्रयोगशाळेच्या मागे बँडची खोली आहे. तिला एक दार, गजांची एक खिडकी आणि एक कुलूप. त्याची किल्ली माझ्या मोटारसायकलच्या किल्लीबरोबर एकाच कडीत असते. दुसरी किल्ली नाही.

आमच्या भागात शाळेचा बँड वर्षातून दोनदा बसवावा लागतो, हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. जूनपासून मुले तयार करावीत, पंधरा ऑगस्ट आणि मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन व्हावे, हात जरा बसावेत... आणि दिवाळी झाली की निम्मे पथक आईबापांबरोबर ऊसतोडीला जावे. उरलेल्यांना घेऊन सव्वीस जानेवारीसाठी पुन्हा पहिल्यापासून 'डावा-उजवा' सुरू. या रीतीतून आमच्या पथकात एक रिवाज पडला होता. गेलेल्या मुलाचे वाद्य दुसऱ्याला द्यायचे नाही. ते त्याच्या खिळ्यावर तसेच टांगून ठेवायचे. चैत्रात मूल परत आले की खिळ्यावरून आपले वाद्य काढून घ्यायचे आणि रांगेत उभे राहायचे. रिवाज मीच पाडला होता, आणि मला त्याचा अभिमान होता.

मोठा ड्रम एकच असल्यामुळे तो नेहमी गावातच राहणाऱ्या मुलाकडे देत असे. त्या वर्षी मात्र मी तो कोमलकडे दिला.

कोमल नववीत होती. उंच, हडकुळी, वर्गात शेवटच्या बाकावर बसणारी आणि विचारल्याशिवाय न बोलणारी. आईवडील दरवर्षी ऊसतोडीच्या टोळीबरोबर जाणारे. पण पहिल्याच दिवशी तिने मोठ्या ड्रमवर टोला दिला आणि मैदानभर पांगलेली पोरे नकळत एका पावलात चालू लागली. मी तिला विचारले, "हे कुठे शिकलीस?"

"शिकले न्हाई सर. मोठा वाजला की पाय पडतोय. आपुन पायाकडं बघायचं, बस."

पट्टा तिच्या उंचीला तोकडा पडत असे. त्याला तीनच छिद्रे होती. तिने एके दिवशी खिचडी शिजवणाऱ्या मावशींच्या चुलीत खिळा लाल केला आणि पट्ट्याच्या टोकाला स्वतःच चौथे छिद्र पाडले. चामडे जळल्याचा वास खोलीत दोन दिवस होता. मी रागावलो, तेव्हा सानिया मध्ये पडली. सानिया म्हणजे कोमलची जिवलग मैत्रीण, पथकात छोटा ड्रम वाजवणारी आणि तोंडाने कुणाला न हरणारी.

"सर, तिची उंची कमी करता येईना, म्हून पट्टा वाढीवला. काय चुकलं?"

सगळे हसले. मीही हसलो. त्या वर्षीच्या मुक्तिसंग्राम दिनाला आमचे पथक जसे चालले तसे त्याआधी आणि त्यानंतर कधी चालले नाही.

दिवाळीनंतर टोळीचा ट्रक निघायच्या आधी मी कोमलच्या घरी गेलो. मुलगी हुशार आहे, पुढे दहावी आहे, तिला या वर्षी मागे ठेवा, असे तिच्या वडिलांना सांगितले. त्यांनी मला चहा दिला. सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "सर, तुमचं पटतंय मला. पर वयात आलेली पोर ठिवायची कुणाच्या भरवशावर? तिची आजी असती तर गोष्ट येगळी होती. तुमीच सांगा, कुणाकडं ठिवू?"

गेवराईत माझे घर आहे. माझी मुलगी शिकायला पुण्याला गेल्यापासून तिची खोली रिकामीच होती. 'माझ्याकडे ठेवा' हे दोन शब्द माझ्या ओठांवर आले होते. पण लोक काय म्हणतील, पत्नीला विचारायला हवे, काही बरेवाईट झाले तर जबाबदारी कुणाची... असे बरेच काही एका क्षणात मनात येऊन गेले. मी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणालो, "बरं, बघा तुम्ही."

निघताना कोमल दारापर्यंत आली. "सर, मोठा माझ्या खिळ्यालाच ठिवा. कुणी आवळू नका पट्टा. म्या येतेच की."

"तुझाच आहे तो," मी म्हणालो.

डिसेंबरात जिल्ह्याच्या ठिकाणी शालेय बँड स्पर्धा जाहीर झाली. आमच्या शाळेला प्रथमच संधी होती. मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतले. मी खिळ्याच्या रिवाजाचे सांगितले.

"सर, तुमचं खिळ्याचं तत्त्व कौतुकाचं आहे हो," ते म्हणाले. "पण बीडला परेड खिळा करणार आहे का? दहावीच्या पालकांनी आधीच पोरं काढून घेतलीत. त्यात मोठा ड्रम भिंतीला टांगून तुम्ही तिथं जाणार? उसाला जाणाऱ्या पोरीला तो द्यायलाच नको होता, हे मी तेव्हाच म्हणालो होतो."

त्यांचे चुकले असे मी आजही म्हणणार नाही. मलाही स्पर्धेला जायचे होते. एवढ्या वर्षांच्या कामाची कुणीतरी दखल घ्यावी, असे मला वाटत होते.

कोमलच्या तालाच्या जवळपास पोहोचणारी एकटी सानियाच होती. ती ऐकेना.

"न्हाई सर. कोमीचा हाय तो."

"स्पर्धेपुरता."

"ती काय म्हनंल?"

"मी सांगेन तिला," मी म्हणालो.

सानिया बुटकी. मी खिळ्यावरून ड्रम उतरवला, पट्टा चौथ्या छिद्रातून काढून दुसऱ्या छिद्रात आवळला आणि तिच्या गळ्यात अडकवला. मागून एक पोरगा ओरडला, "ड्रम चाललाय, पर पाय कुणाचे हायत बे?" सानियाने एरवी त्याला सोडले नसते. त्या दिवशी ती पट्ट्याकडेच बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरावाला खोली उघडली, तर पट्टा चौथ्या छिद्रात होता.

मी फारसे लक्ष दिले नाही. पुन्हा दुसऱ्यात आवळला. त्याच्या पुढच्या सकाळी पुन्हा चौथ्यात. असे रोजच होऊ लागले. रोज सकाळी मी पट्टा आवळायचा आणि संध्याकाळी माझ्या हाताने कुलूप लावायचे. सकाळी बक्कल कोमलच्या छिद्रात सैल लोंबत असायचे. खोलीत दुसरे काहीही हललेले नसे.

माझा संशय सानियावर गेला. तिला मोठा ड्रम नको होता, हे मला ठाऊक होते. सगळ्या पथकासमोर मी तिला उभे केले. आवाज चढवण्याचा माझा स्वभाव नाही, पण मुलांना लागायचे ते हळू आवाजातही लागते.

"वाजवायचा नसेल तर सरळ सांग, सानिया. असले खेळ करू नकोस."

तिचे डोळे भरून आले. "अल्लाकसम सर, सुटल्यावर म्या हात बी लावत न्हाई. किल्ली तुमच्यापाशी हाय. म्या कुठून येऊ, गजातून?"



त्या संध्याकाळी सगळी मुले गेल्यावर मी पट्टा दुसऱ्या छिद्रात घातला आणि बक्कलावरून पताकांच्या जाड दोऱ्याचे वेढे घेऊन वर गाठ मारली. ही गाठ मी स्काउटच्या मुलांना शिकवतो. ती ओढून सुटत नाही, कापावी लागते. हे मी कुणालाही सांगितले नाही, घरीसुद्धा नाही. सकाळी मुले यायच्या आधी एकट्याने खोली उघडली. दोरा तसाच होता. वेढे तसेच, गाठ माझीच, तशीच. आणि त्या वेढ्यांच्या आत पट्टा चौथ्या छिद्रात होता.

मी बराच वेळ जमिनीवर बसून राहिलो. भीती वाटली नाही. आपण कुणाच्या तरी जागेवर बसलो आहोत आणि तो माणूस काही न बोलता समोर उभा आहे, अशा वेळी जसा संकोच वाटतो तसे वाटत होते. मग कात्रीने गाठ कापली आणि दोरा खिशात टाकला.

सरावानंतर सानियाची क्षमा मागितली. ती खाली बघत म्हणाली, "सर, एकदा कोमीच्या पप्पांला फोन लावा ना. नंबर हाय तुमच्याकडं."

"कशासाठी?"

"सहजच. कशी हाय इचारा. मला सारखं वाटतंय, ती बोलवायलीय."

"स्पर्धा होऊ दे," मी म्हणालो. "मग लावू."

एक फोन. तो का केला नाही, याचे कारण मी स्वतःला बऱ्याचदा विचारले आहे. काम होते हे खरे. पण त्याच्या तळाशी दुसरे होते. फोनवर कोमल आली असती, तर तिचा ड्रम मी दुसरीला दिला हे तिला सांगावे लागले असते. तेवढ्या एका अवघडलेपणासाठी मी फोन टाळला.

स्पर्धेच्या दोन-तीन दिवस आधीची सकाळ. पट्टा नेहमीप्रमाणे चौथ्या छिद्रात होता, पण त्या दिवशी छिद्राच्या दोन्ही बाजूंना पिवळे डाग होते. अंगठा आणि बोट यांचे असावेत तसे. मुले भोवती जमली. "सर, भंडारा हाय," कुणीतरी म्हणाले. "जेजुरीहून आलं असंल कुणी." मी रुमालाने पुसले. चामड्यावरचे गेले, शिवणीतले राहिले. मी पट्टा दुसऱ्या छिद्रात आवळला.

पुढच्या सकाळी तो दुसऱ्यातच होता. त्याच्या पुढच्याही. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीही सुटलो असे मला वाटले... हे लिहिताना आज हात जड होतो, पण खरेच तसे वाटले.

स्पर्धा झाली. सानियाने चुका न करता वाजवले. आम्हाला नंबर मिळाला नाही, सहभागाचे प्रमाणपत्र मिळाले. बीडच्या स्टँडवर मुलांना वडापाव देऊन मी बाजूला गेलो आणि कोमलच्या वडिलांना फोन लावला.

"सर! बोला की," ते म्हणाले. मागे ट्रॅक्टरचा आवाज होता. "कोमल? तिचं लगीन झालं की सर. हितंच, कारखान्याच्या अड्ड्यावर. शेजारच्या टोळीतलं पोरगं हाय, चांगलं हाय. पाचटाच्या कोपीत पोरगी एकली ठिवून उसाच्या फडात जावं लागतंय, जिवाला घोर. म्हून उरकून टाकलं. तुमाला कळवायचं राहिलं, माफी करा."

"हळद कधी होती?" मी विचारले. कसा विचारला तो प्रश्न, मला माहीत नाही.

त्यांनी दिवस सांगितला. पट्ट्यावर पिवळे डाग होते त्याच्या आदल्याच दिवसाची संध्याकाळ.

बालविवाहाची तक्रार करायचा हेल्पलाइन क्रमांक आमच्या शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेला आहे. रोज त्याच्याचसमोर उभा राहून मी मुलांना 'सावधान' म्हणतो. मी मुख्याध्यापकांशी बोललो. ते म्हणाले, "आता झालं ते झालं सर. तक्रार केली तर पोरीचंच वाटोळं होईल." मी ते मान्य केले. मला ते मान्य करायचेच होते. घरी पत्नीला सगळे सांगितले, वडिलांच्या त्या प्रश्नासकट.  ती म्हणाली, "एकदा विचारायचं तरी मला. मी नाही म्हटलं असतं का?"

टोळ्या परतल्यावर एका सकाळी कोमल शाळेत आली. कपाळाला कुंकू, गळ्यात काळी पोत, साडी नीट नेसता न आल्याने हातात धरलेल्या निऱ्या. नवरा फाटकाशी मोटारसायकल चालूच ठेवून उभा होता, तोही पोरसवदाच. ती म्हणाली, "इकडून चाललो होतो सर. मोठा हाय का अजून?"

मी खोली उघडली. ड्रम तिच्याच खिळ्यावर होता. ती जवळ गेली, पट्ट्यावरून हात फिरवला आणि दुसऱ्या छिद्रापाशी थांबली.

"सानीला दिला ना? बरं केलं," ती म्हणाली. मग जरा वेळाने, माझ्याकडे न बघता, "सर, म्या रोज यायचे हितं. कोपीत डोळा लागला की हितंच. रोज बघावं तर पट्टा आवळलेला. मला वाटायचं, कावून आवळायलंय कुणी? म्या येणारच हाय की. मग ढिला करून जायचे."

मी दाराची चौकट धरली.

"एकदा दोऱ्याची गाठ कुणी बांधलती सर? लई घट्ट होती. सोडवंना. मग गाठ तशीच ठिवली अन् आतून काढला."

त्या गाठीबद्दल मी कुणाशीही बोललो नव्हतो.

"आन् मग?" मी विचारले. इतक्या वर्षांच्या शुद्ध भाषेनंतर माझ्या तोंडून माझ्या आईची बोली आली.

"मग हळद लागली. त्या राती बी आले. ढिला केला, अन् म्हनलं, आता ऱ्हाऊ दे. आता आवळू द्या त्यांला."

शिवणीतला पिवळा रंग तिने पदराच्या टोकाने घासून पाहिला. "निघत न्हाई ओ हळद," ती म्हणाली, आणि जरा हसली.

"कोमल... चुकलं माझं," मी म्हणालो.

ती खरोखरच गोंधळली. "तुमचं काय चुकलं सर?"

ते दोन शब्द मी तेव्हा म्हणालो नाही, हे तिला कसे सांगणार होतो? त्या न म्हटलेल्या शब्दांची तिला कल्पनाच नव्हती. माझ्याकडून काही अपेक्षा करता येते, असे तिला कधी वाटलेच नव्हते. बाहेर हॉर्न वाजला. तिने दुसऱ्या छिद्रातले बक्कल एकदा नीट ओढून घट्ट केले, लहान भावंडाच्या दप्तराचा पट्टा करावा तसे. "सानीला असाच बसतोय," म्हणाली, आणि निऱ्या सावरत गेली. मोटारसायकल फाट्याकडे वळेपर्यंत मी व्हरांड्यात उभा होतो.

मी उत्तरे शोधली, हे सांगायला नकोच. कुलूप दुसऱ्या किल्लीने उघडते का, ते पाहिले. गाठ न सोडता पट्टा सरकतो का, हे माझ्या हातांनी तासन् तास करून पाहिले. सरकत नाही. कोमल आणि सानियाचे मध्यंतरी बोलणे झाले असेल, असेही वाटले. पण सानियाकडे फोन नव्हता, आणि गाठीचे तर तिलाही ठाऊक नव्हते. वाचकांपैकी कुणाला काही सुचले तर जरूर कळवा. मला तर्काने पटेल असे उत्तर मिळाले तर मी आभारीच राहीन... निदान मी तसे म्हणतो.

सानिया दहावी होऊन गेली. मोठा ड्रम आता तिसऱ्याच मुलीकडे आहे. तिचे आईवडील दिवाळीनंतर टोळीबरोबर गेले आणि ती आमच्याकडे, माझ्या मुलीच्या खोलीत राहते. या वेळी ते दोन शब्द मी कुणी विचारण्याआधीच म्हणालो. पण ते ज्या दारात म्हणायचे होते ते कोमलचे दार आता उघडत नाही. त्या घराला कुलूप आहे.

रोज सकाळी मुले यायच्या आधी मी एकटा खोली उघडतो आणि दिवा लावण्याआधी पट्ट्यावर हात फिरवतो. संध्याकाळी जसा आवळून ठेवलेला असतो, तसाच तो असतो.